आवाज, जसा होता तसा

बाबांची एक कॅसेट आमच्या कपाटात आहे. हार्मोनियमवर म्हटलेले दोन अभंग, आणि दुसऱ्याच्या मध्येच स्वयंपाकघरातून आईची हाक : 'ऊटक्क बर्री!' बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीत भाचा म्हणाला, "मावशी, दे ती कॅसेट. आजीची हाक काढून टाकतो, खाली तबला-तानपुरा घालतो. अगदी सीडीसारखं होईल." मी हो म्हणणारच होते, पण बडी हॉली आठवला.

हे नाव आपल्याकडे फारसे परिचयाचे नाही. मी इंग्रजी शिकवते, तरी मलाही ते बीटल्सच्या वाटेनेच कळले. १९३६ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या लबक गावी त्याचा जन्म झाला. गोऱ्यांचे कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीयांचे ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून १९५० च्या दशकात रॉकाबिली ही धावत्या ठेक्याची शैली आली. हॉली त्याच मातीतला. डोळ्यांवर जाड फ्रेमचा चष्मा, हाती गिटार, आणि उचकी लागावी तसे शब्दाचे तुकडे करीत गाण्याची लकब.

त्याचे पहिले गाजलेले गाणे १९५७ चे. ३ फेब्रुवारी १९५९ ला तो गेला. ऐन थंडीतला दौरा, बसमधले हीटर बंद पडत. म्हणून आयोवातल्या क्लिअर लेकचा कार्यक्रम आटोपून त्याने छोटे विमान भाड्याने घेतले. मध्यरात्रीनंतर ते उडाले आणि थोड्याच वेळात शेतात कोसळले. हॉली अवघा बावीस वर्षांचा होता.

कीर्तीची जेमतेम दीड वर्षे. तरी रसिक आजही त्याची ध्वनिमुद्रणे कान देऊन ऐकतात. ती ऐकण्यासारखी आहेतच. न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिस गावी नॉर्मन पेटी याचा स्टुडिओ होता. तिथे तासावर नव्हे, गाण्यावर पैसे घेत. त्यामुळे मुलांना घड्याळाची धास्ती नव्हती. 'एव्हरीडे' या गाण्यात जेरी अ‍ॅलिसन ड्रम सोडून आपल्या मांड्यांवरच ताल धरतो. 'नॉट फेड अवे'मध्ये त्याने पुठ्ठ्याचे खोके वाजवले. भजनाला बसून मांडीवर ठेका धरणाऱ्या आपल्या माणसांना यात काही परके वाटणार नाही.

पण रसिकांचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय म्हणजे त्याच्या घरातल्या टेप. मृत्यूपूर्वीच्या एक-दोन महिन्यांत, न्यूयॉर्कच्या आपल्या फ्लॅटमध्ये, त्याने काही नवी गाणी नुसत्या गिटारवर ध्वनिमुद्रित केली होती. तो गेल्यावर कंपनीने त्यांवर इतरांची वाद्ये आणि कोरस चढवून ती बाजारात आणली. पुढे पेटीनेही दुसरा वाद्यवृंद घेऊन तेच केले. यात निव्वळ वाईट झाले असे नाही. बीटल्सनी १९६२ च्या डेक्का कंपनीच्या चाचणीत यांपैकी एक गाणे म्हटले, तेही असे सजवलेले गाणे ऐकूनच. कारण तेव्हा दुसरे उपलब्धच नव्हते.

चाहत्यांना मात्र हवा होता तो उघडा आवाज. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच्या गाण्यांचा सहा रेकॉर्डींचा संच निघाला. २००९ च्या संग्रहात तर या टेप भर न घालता दिल्या आहेत, आणि सोबत हॉली व त्याची पत्नी मारिया एलेना यांचे घरातले बोलणेही. नव्या लग्नाचे ते घर. त्या बोलण्याला 'गोंगाट' म्हणून कुणी कात्री लावली असती तर?

क्लिअर लेकच्या त्या सर्फ बॉलरूममध्ये १९७९ पासून दर फेब्रुवारीत त्याच्या आठवणीसाठी लोक जमतात. विमान पडले त्या शेताच्या वाटेवर एक भलामोठा चष्मा उभारला आहे. पण मला वाटते, त्याचे खरे स्मारक ती न सजवलेली टेपच.

भाच्याला म्हटले, "आधी आहे तशीच उतरवून ठेव. मग वेगळ्या प्रतीवर तुझा तबला घाल." त्याने तसेच केले. पहिली प्रत आईला ऐकवली. आपलीच हाक ऐकून ती हसली, मग गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आले नव्हतेच ते. दोन वेळा आमटी तापवली होती मी त्या दिवशी."