लोहगावच्या विमानांचा फोटो काढताय? कुठे चालतं, कुठे महागात पडतं, समजून घ्या

पुणे : गावाकडून पाहुण्यांकडे आलेली पोरं लोहगाव, धानोरी, वाघोली भागात थांबली की डोक्यावरून सुखोई गरजत जातं. लगेच मोबाईल खिशातून बाहेर. हौस म्हणून रील केलं जातं, गाणं टाकलं जातं आणि दहा मिनिटांत गावाच्या ग्रुपवर पोहोचतं. पण कुंपणाजवळ उभं राहून काढलेला असा एखादा व्हिडिओ पोलीस चौकशीपर्यंत नेऊ शकतो. म्हणून नियम काय आहे ते माहीत हवं.

लोहगाव साधं विमानतळ नाही

प्रवासी विमानं उतरतात ती धावपट्टी भारतीय हवाई दलाची आहे. प्रवाशांची इमारत तेवढी नागरी. नवीन टर्मिनल जुलै 2024 मध्ये सुरू झालं, पण आकाशातल्या वाहतुकीचं नियंत्रण आजही हवाई दलाकडेच आहे. देशातली पहिली सुखोई-30 विमानं 1997 मध्ये इथेच दाखल झाली. राष्ट्रपती असताना डॉ. अब्दुल कलाम यांनी 2006 मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी 2009 मध्ये इथूनच सुखोईतून भरारी घेतली होती.

कायदा काय सांगतो

1923 चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे. लष्करी तळ, दारूगोळा कारखाने ही त्यात 'प्रतिबंधित ठिकाणं' आहेत. देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने अशा ठिकाणाजवळ जाणं, नकाशा किंवा चित्र काढणं हा गुन्हा. लष्करी ठिकाणाबाबत शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाऊ शकते. हौशी पोराचा हेतू वाईट नसतो, हे खरं. पण हेतू काय होता हे परिस्थितीवरूनही ठरवलं जातं आणि ते सिद्ध होईपर्यंत हेलपाटे त्यालाच मारावे लागतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे परवडत नाही.

एका फोटोनं काय बिघडतं?

विमान काय, सगळ्यांनाच दिसतं. अडचण असते ती फोटोतल्या मागच्या गोष्टींची. विमानं ठेवायच्या जागा, रडार, गेट, पहारा. शिवाय मोबाईलचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्ये जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. कोणतं विमान किती वाजता उडालं हे शंभर रीलमधून गोळा केलं, तर शत्रूला घरबसल्या वेळापत्रक मिळतं.

विमानात बसल्यावर

आता गावातले आई-वडीलही काशी, तिरुपतीला विमानानं जातात. उडत्या विमानात प्रवाशाला खिडकीतून फोटो काढता येतो. मात्र लोहगाव संरक्षण दलाचं असल्यानं उड्डाणावेळी आणि उतरताना फोटो काढू नका, अशी सूचना दिली जाते. ती पाळावी. हौस फिटवायची असेल तर विमान उंचावर गेल्यावर ढगांचा फोटो काढा.

लग्नातला ड्रोन

सगळ्यात जास्त चूक इथं होते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच निर्बंध आहेत. तिथं परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. वाघोली, चऱ्होली, दिघी, खराडी या टप्प्यात येतात. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंत आणि त्यापुढच्या हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे. 'लाल क्षेत्रात' केंद्र सरकारची परवानगी लागते. आपलं ठिकाण कुठल्या रंगात येतं ते केंद्राच्या डिजिटल स्काय नकाशावर दिसतं. फवारणीच्या ड्रोनलाही हेच रंग लागू आहेत.

पैसे घेऊन शूटिंग करणाऱ्याकडे 250 ग्रॅमवरच्या ड्रोनसाठी नोंदणी क्रमांक आणि पायलट प्रमाणपत्र हवं. सुपारी देण्याआधी दोन्ही बघा. पोलिसांचा तात्पुरता बंदी आदेश निघाला असेल, तर हिरव्या क्षेत्रातही ड्रोन चालत नाही.

2024 च्या पावसाळ्यात जिल्ह्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी झाल्या आणि लोकांनी रात्री जागून काढल्या. असं काही दिसलं तर 112 वर कळवा. अनोळखी माणसाला धरून मारहाण करू नका.

मग फोटो काढायचा कुठे?

* घोरपडी भागातल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मिग-23 हे खरं लढाऊ विमान उभं आहे. तिथला फलक पाहून, विचारून फोटो काढा.
* अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जुने रणगाडे जवळून बघायला मिळतात. 1994 मध्ये ते सुरू झालं.
* जुन्या मोटारींची रॅली रस्त्यावर निघाली तर फोटोला हरकत नाही. गाडीत बसण्याआधी मात्र मालकाला विचारा.
* पिंपरी-चिंचवडमधल्या खासगी कारखान्यात आत जाऊन फोटो काढायचा तर कंपनीची परवानगी घ्या. खडकी, देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यांपासून मोबाईल लांबच ठेवा.

कुणी अडवलंच तर?

पळू नका, हुज्जत घालू नका. ओळखपत्र दाखवा, फोटो का काढला ते खरं सांगा. घाबरून मोबाईलमधलं काही पुसू नका, त्यानं संशय वाढतो. आणि गावाच्या ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर पुढे ढकलू नका. टाकणाऱ्याला फोन करून तो काढायला सांगा. ते पोरगं आपल्याच गावातलं असतं.