आंबेनळीचे खुंट आणि नायजरचे रान

आंबेनळी घाटात दरड, पोलादपूर-महाबळेश्वर वाहतूक बंद. ही बातमी आता पंचांगातच छापायला हरकत नाही. तिच्या शेजारी बहुधा दुसरी बातमी असते: अमुक हजार रोपांची लागवड, खड्ड्याभोवती छत्र्या आणि एका रोपाला लागलेले सात हात. 2019 साली तर राज्याने 33 कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. झाडे लावण्याला विरोध कोण करणार? पण इथल्या डोंगरांना रोपांची खरोखर किती गरज आहे, हे कळायला जरा आफ्रिकेत डोकवावे लागते.

टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ 1980च्या दशकात नायजरच्या मराडी भागात झाडे लावत होता आणि त्यातली बहुतेक मरत होती. 1983 साली वाळूच्या वाटेवर टायरमधली हवा कमी करायला तो गाडीतून उतरला आणि शेजारचे झुडूप त्याने प्रथमच नीट पाहिले. ते झुडूप नव्हतेच. तोडलेल्या झाडाच्या जिवंत खुंटाला आलेले ते फुटवे होते. मुळे खाली शाबूत होती, पण शेतकरी दरवर्षी पेरणीआधी फुटवे छाटत, त्यामुळे त्यांचे कधी झाड होत नव्हते. रिनाउडोने लावणीचा नाद सोडला. जोमदार फुटवे तेवढे राखा, बाकीचे काढा, असे तो सांगू लागला. लोकांनी आधी त्याला वेड्यात काढले. पुढच्या वीस वर्षांत दक्षिण नायजरमध्ये सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परतली, तीही जवळजवळ रोपवाटिकेविना. याउलट 2007 साली आफ्रिकन युनियनने वाजतगाजत सुरू केलेल्या ‘ग्रेट ग्रीन वॉल’चे लक्ष्य 10 कोटी हेक्टरांचे, त्यातल्या नियोजित पट्ट्यात 2020पर्यंत जेमतेम 40 लाख हेक्टरांचे काम झाले.

पोलादपूर-महाडच्या मालकी रानात असे खुंट पैशाला पासरी. ठरावीक वर्षांनी ठेकेदार येतो, उक्त्या रकमेत डोंगर घेतो आणि कोळशासाठी, सरपणासाठी सरसकट साफ करतो. ऐन, किंजळ, जांभूळ मात्र मरत नाहीत. बुंध्याच्या सालीतून दहा-पंधरा फुटवे एकदम उसळतात. हिवाळ्यात कोयता घेऊन त्यांतले तीन-चार सरळ ठेवले, तर निघालेली टहाळी भाताच्या राबाला होते, काटक्या चुलीला. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी गवतासाठी किंवा शिकारीसाठी काडी लावतो. त्या वणव्यात जुलैत लावलेले रोप फोटोपुरतेच उरते. खुंट पुन्हा फुटतो, पण पुन्हा शून्यापासून.

झाडांनी दरडी थांबतात, असे ठोकून सांगणे मात्र फसवे आहे. 22 जुलै 2021च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस पडला. खाली तळिये गावात दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे गेली, साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या, आंबेनळीचा रस्ता जागोजागी वाहून गेला. कातळावरचा मुरूम आणि माती इतकी भिजली, की मुळांचे काही चालत नाही. त्यात रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला. पण वरचा मीटर-दीड मीटर थर मुळेच धरून ठेवतात. खुंट मेला की ती काही वर्षांत कुजतात. नव्या रोपाची मुळे तिथवर पोचायला बरीच वर्षे जातात, खुंटाची आधीच तिथे असतात.

नायजरमध्ये झाडे सरकारी मालकीची मानली जात, म्हणून ती राखण्यात कोणाला रस नव्हता. वनाधिकाऱ्यांनी काणाडोळा केला, राखेल त्याला लाकूड मिळू लागले, आणि 2004मध्ये कायदाही बदलला. आपल्याकडे 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. स्वतःच्या जमिनीतली ही झाडे तोडायलाही परवानगी लागते. त्यामुळे झाड मोठे होऊ देणे म्हणजे कागदपत्रांचा ससेमिरा मागे लावून घेणे, असे अनेकांना वाटते.

शिवाय नायजरचा शेतकरी शेतात उभा होता. पोलादपूरचा हिस्सेदार मुंबईत असतो, सातबारावर नावांची रांग, गावात म्हातारी माणसे. फुटवे निवडायला कोयता धरणार कोण? लागवडीचा हिशेब रोपांच्या संख्येवर चालतो, तोवर याचे उत्तर शोधायची निकडही कोणाला नाही. लागवडीच्याच पैशातून होळीआधी जाळरेषा काढणाऱ्यांची मजुरी आणि दहा वर्षे तोड न करणाऱ्या हिस्सेदारांना ठेकेदाराच्या रकमेचा काही भाग, एवढे एका वाडीपुरते तरी करून पाहता येईल.