हात लागला की फोड! हा कोप नव्हे, आजार आहे

गेल्या महिन्यात मराठवाड्यातून एका भगिनीचे पत्र आले. पत्र चार पानी आहे. त्यातला निम्मा मजकूर सासरी काय काय ऐकून घ्यावे लागते याचा आहे, तो येथे देत नाही. उरलेला निम्मा तिच्या मुलीविषयी आहे आणि तो आपल्यापैकी कोणत्याही घराच्या उपयोगी पडेल असा आहे.

मुलगी तीन वर्षांची. जन्मली तेव्हाच एका पायाच्या नडगीवर कातडी नव्हती, लालभडक मांस दिसत होते. पाचव्या दिवशी करदोडा बांधला तर कमरेभोवती फोडांची माळ उठली. न्हाऊ घालणाऱ्या बाईने रिवाजाप्रमाणे तेल लावून, डाळीच्या पिठाने अंग चोळले, तेव्हा पाठीचे सालटे तिच्या हातात आले. कोणी म्हणाले कांजिण्या, कोणी म्हणाले आईने गरोदरपणी गरम खाल्ले, कोणी महारोगाचे नाव घेतले. एका दवाखान्यात तर मूल भाजले कसे, म्हणून आईलाच दरडावून विचारले. आता जुन्या जखमांचे व्रण राहिले आहेत, नखे गळाली आहेत आणि उजव्या हाताची दोन बोटे एकमेकांना चिकटू लागली आहेत. सासूने देवऋषी आणला. त्याने मागल्या जन्मीचे पाप सांगितले आणि कोंबडे मागितले.

बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात हे घडले आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, असेही त्या भगिनीने लिहिले आहे.

म्हणून आधी मागल्या जन्माचा निकाल लावू. १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला आहे. जन्मतः व्यंग असणे हे गतजन्मीच्या दुष्कर्माचे फळ, ही कल्पना त्यांनी अत्यंत घातक ठरविली, कारण ती मानली की माणसाच्या प्रयत्नाला जागाच उरत नाही. मूल आपले शरीर आईबापांकडून घेऊन येते, ही अनुवंशाची बाब आहे, असे त्यांनी त्याच विवेचनात दाखवून दिले. ज्यांच्या घरी हा ग्रंथ आहे त्यांनी कर्माविषयीचे ते प्रकरण काढून घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे.

पत्रावरून निदान होत नसते. परंतु जी लक्षणे त्या भगिनीने लिहिली आहेत ती 'एपिडर्मोलायसिस बुलोसा' या आजाराशी जुळतात. नाव अवघड आहे, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'ईबी' म्हणतात. जर्मन डॉक्टर क्योब्नर यांनी १८८६ साली हे नाव दिले. आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दर दहा लाख जन्मांमागे सुमारे वीस मुलांना तो असतो. पाश्चात्य देशांत या मुलांना 'फुलपाखरू मुले' म्हणतात, कारण फुलपाखराच्या पंखाला बोट लागावे तशी त्यांची कातडी सुटते. नाव गोड आहे, दुखणे मात्र गोड नाही.

कातडी का सुटते? आपली कातडी म्हणजे एकच पापुद्रा नव्हे, वरचा थर आणि खालचा थर असे तिचे दोन भाग आहेत. गवंडीकाम करणाऱ्या बांधवांना सांगायला नको की गिलावा भिंतीला धरतो तो चांगल्या मालामुळे. माल कच्चा असेल तर खांदा घासला तरी पोपडा खाली येतो. कातडीच्या दोन थरांना धरून ठेवणारा हा माल म्हणजे निरनिराळी प्रथिने. ती कशी बनवायची याचा नमुना आपल्या पेशींतल्या जनुकांत असतो. जनुकात चूक असली की प्रथिन कच्चे बनते किंवा बनतच नाही. मग जरा घासले की थर सुटतात, मध्ये पाणी भरते आणि फोड येतो. नुसते दाबल्याने सहसा काही होत नाही, घासल्याने होते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कामाला येईल.

माल कोणत्या ठिकाणी कच्चा आहे, यावरून आजाराचे मुख्य चार प्रकार पडतात. सर्वांत वरच्या थरातला दोष बहुधा सौम्य असतो. हातापायांना फोड येतात, उन्हाळ्यात वाढतात, पण व्रण सहसा राहत नाही. मधल्या सांध्यातला दोष तीव्र असेल तर मूल वर्ष-दोन वर्षेही काढत नाही. तिसऱ्या प्रकारात कोलॅजन या प्रथिनाच्या सातव्या जातीचे धागे नीट नसतात. हे धागे वरच्या थराला खालच्या थरात रोवून धरतात. ते नसले की जखमा खोलवर होतात, व्रण राहतात, बोटे जुळतात, अन्ननलिकाही आतून आकसते आणि मोठेपणी जुन्या जखमांत कर्करोग होण्याचा धोका असतो. चौथा प्रकार फारच विरळा आहे. कोणता प्रकार हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. कातडीचा तुकडा तपासावा लागतो, आणि जनुकाची रक्तचाचणी केली की पक्के कळते.

हा आजार संसर्गजन्य नाही. त्या मुलीच्या ताटात जेवले, तिला मांडीवर घेतले, तिच्या अंथरुणात झोपले तरी तो कोणाला होत नाही. शेजारच्या बायका आपल्या पोरांना तिच्याजवळ जाऊ देत नाहीत, असे पत्रात आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्याच वस्तीत एका लेकराला शिवू नका म्हटले जावे, हे वाचून मला फार वाईट वाटले.

आता दोष कोणाचा? पत्रलेखिका भगिनीचा नवरा तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा आहे. म्हणजे तिला बोल लावणारी सासू ही तिची आत्याच! तीव्र ईबी बहुधा तेव्हा होतो जेव्हा मुलाला आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक मिळते. एकाकडूनच मिळाले तर माणूस ठणठणीत राहतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. या घरात तसे असेल तर ते जनुक बहुधा आजा किंवा आजीकडून, एका बाजूने आत्याकडे आणि दुसऱ्या बाजूने तिच्या भावाकडे आले. आत्याकडून तिच्या मुलाकडे, भावाकडून त्याच्या मुलीकडे, आणि लग्नाने ही दोन्ही टोके पुन्हा एकत्र आली. सुनेइतकाच सासूचाही त्यात वाटा आहे आणि दोघींचा गुन्हा काहीच नाही.

मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. जमीन घरात राहते, पोरगी ओळखीच्या घरात पडते, हुंड्याची घासाघीस टळते. ही कारणे खोटी नाहीत. पण सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सारखी असतात, त्यामुळे लपलेली जनुके जोडीने बाहेर येण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेर लग्न केले तरी हा आजार होऊ शकतो, हेही खरे. आणि सौम्य प्रकार पुष्कळदा एकाच पालकाकडून येतो. तेथे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते.

पत्रातली खरी तातडीची गोष्ट शेवटच्या पानावर, जाता जाता लिहिली आहे. मोठी वाईट पायगुणाची निघाली, धाकटी तशी नाही, असे म्हणून आत्या आता आपल्या धाकट्या मुलासाठी या भगिनीच्या धाकट्या बहिणीला मागते आहे! हिशेब साधा आहे. दोन्ही पालकांकडून येणारा प्रकार असेल तर धाकट्या बहिणीत ते जनुक असण्याची शक्यता दोनात एक, धाकट्या दिराचीही दोनात एक, आणि दोघांत असेल तर प्रत्येक मुलाला चारात एक. म्हणजे त्यांच्या प्रत्येक मुलामागे सोळात एक. तपासणी होईपर्यंत ही सोयरीक थांबवावी. आत्याबाईंना राग आला तर येऊ द्यावा.

पत्रलेखिकेच्या स्वतःच्या पुढच्या मुलाला हीच शक्यता चारात एक आहे, आणि ती दर वेळी नव्याने चारात एक असते. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तिन्ही चांगली निघतील, असा हिशेब नाही. तपासणीला क्रम आहे. आधी मुलीची जनुक-चाचणी, मग आईबापांची, आणि त्यानंतरच दिवस जाऊ द्यावेत. मुलीतली चूक नेमकी कळलेली असेल तर पुढच्या गरोदरपणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश काढून गर्भाची तपासणी करता येते. जिल्हा रुग्णालयातून वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाची चिठ्ठी घ्यावी. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ साली जे राष्ट्रीय धोरण आले, त्यात मुंबईत परळचे केईएम रुग्णालय हे केंद्र म्हणून नेमले आहे.

आता रोजची निगा. आजार मुळातून जात नाही, पण मुलाचे हाल पुष्कळ कमी करता येतात. आपल्याकडे फोड फोडू नये म्हणतात. या आजारात उलट आहे. फोड तसाच ठेवला तर आतले पाणी सैल कातडी उचकटत पुढे पसरते. म्हणून निर्जंतुक सुईने खालच्या बाजूला टोचून पाणी जाऊ द्यावे, मात्र वरची कातडी काढू नये, तीच जखमेचे झाकण असते. चिकटपट्टी कधीही लावू नये. व्हॅसलीन लावलेली जाळीदार पट्टी ठेवून वरून मऊ कापड सैल गुंडाळावे. बोटे वेगवेगळी गुंडाळावीत, नाहीतर ती जुळतात. पट्टी चिकटली तर ओढू नये, पाण्यात भिजवून सोडवावी.

या पट्ट्यांचा खर्च गरिबाला पेलत नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. पान जखमेला चिकटत नाही, बदलताना दुखत नाही आणि स्वस्त पडते. ईबीच्या मुलांसाठी तिचा उपयोग करावा का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. परसातले पान तोडून तसेच मात्र लावू नये.

मुलाला काखेत धरून उचलू नये. एक हात बुडाखाली, दुसरा मानेखाली घालून मऊ दुपट्यासकट उचलावे. करदोडा, वाळे, बिंदल्या, घट्ट टोपडे यांतले काही नको. मालिश नको, चोळणे तर नकोच. झबले उलटे घालावे, म्हणजे शिवण बाहेर राहते. लिटरभर कोमट पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घातले तर अंघोळीला आग होत नाही. जखमांतून रक्त आणि प्रथिने झिरपत राहतात, म्हणून या मुलांना जास्त खाणे लागते. घास गिळवत नसेल तर मऊ वरणभात, अंडे, दूध, शिजवून बारीक केलेले मटण द्यावे.

परदेशात बरेच पुढे गेले आहे. जर्मनीत बोखुम येथे २०१५ साली सात वर्षांच्या एका सिरियन निर्वासित मुलाच्या कातडीचा छोटा तुकडा घेऊन, त्यातले जनुक दुरुस्त करून, इटलीतल्या प्रयोगशाळेत नवी कातडी वाढविली आणि त्याच्या अंगाच्या सुमारे ऐंशी टक्के भागावर ती बसविली. अमेरिकेत २०२३ साली जखमेवर लावायच्या जनुकयुक्त मलमाला परवानगी मिळाली. त्याच्या एका बाटलीची तेथली किंमत चोवीस हजार डॉलरच्या आसपास ठरली, म्हणजे वीस लाख रुपये! आपल्याला ते कधी मिळेल ते मिळो. तूर्त सुई, व्हॅसलीन आणि मऊ कापड हेच औषध. इंग्लंडमधल्या फिलिस हिल्टन या आईनेही सुती पट्ट्यांवरच आपली मुलगी सांभाळली आणि १९७८ साली तिच्या 'डेब्रा' या नावाने अशा कुटुंबांची संघटना उभी केली.

बोटे जुळून हात निकामी होऊ लागला तर अस्थिव्यंगाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा.

मुलीला बालवाडीत घालू का, असे त्या भगिनीने ताजा कलम म्हणून विचारले आहे. जरूर घालावे. पण पहिल्या दिवशी स्वतः जाऊन बाईंना भेटावे. सतरंजीवर मुलीच्या खाली घडी केलेली गोधडी ठेवावी, पाटी लाकडी कडेची नसावी, आणि दोन ओळी कागदावर लिहून द्याव्यात : हिच्यापासून कोणाला काही होत नाही. हिला काखेत धरून उचलू नका.