जिंकलो आपण, हरले ते!

२४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, भारताने ओव्हलवर इंग्लंडला चार गडी राखून हरविले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला होता. वेस्ट इंडीजपाठोपाठ इंग्लंडमध्येही मालिका जिंकणारे कर्णधार अजित वाडेकर घरोघरी पोहोचले. आयुष्यात बॅट हाती न धरलेला माणूसही त्या दिवशी ‘आपण जिंकलो’ असेच म्हणाला. साहेब आणि कारकून, गुरुजी आणि विद्यार्थी यांना एका ‘आपण’मध्ये गोवण्याचे हे सामर्थ्य खेळाइतके अन्य फार थोड्या गोष्टींत असते. इंदूरला तर त्या यशाच्या स्मरणार्थ काँक्रीटची प्रचंड बॅट उभी राहिली.

पुढे तीनच वर्षांनी, जून १९७४ मध्ये, लॉर्ड्सवर भारताचा डाव १७ षटकांत ४२ धावांत आटोपला आणि मालिका ३-० अशी गेली. ‘आपण’ हे सर्वनाम तत्क्षणी लोप पावले. हरले ते ‘ते’ होते! वाडेकरांच्या मुंबईतील घरावर दगड आले, इंदूरची बॅट विद्रूप करण्यात आली. मधल्या काळात, १९७२-७३ मध्ये, त्यांच्याच नेतृत्वाखाली इंग्लंडला मायदेशी २-१ असे नमविले होते, याचे स्मरण कोणास राहिले नाही. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती पत्करली.

प्रेक्षकाला न्यायनिवाड्याचा अधिकार नाही काय? निश्चितच आहे. देशाच्या नावाने खेळणाऱ्याने देशाच्या प्रश्नांना सामोरे गेलेच पाहिजे. ढगाळ हवेत वळणारे ओल्ड आणि अर्नॉल्ड यांचे चेंडू आपल्या फलंदाजांना का खेळता आले नाहीत, ही विचारणा रास्तच होती. अशा विचारणेने खेळ सुधारतो. परंतु दगड कसलीच विचारणा करीत नाही. शिक्षक गुण देतो ते उत्तरपत्रिकेला. नापास विद्यार्थ्याच्या घरावर तो चालून जात नाही. हा साधा विवेक क्रीडारसिकाला जड का जावा? कारण विजयात त्याने न कमावलेला वाटा घेतलेला असतो आणि पराभवात तो वाटा नाकारण्याची त्याला घाई झालेली असते. दगड हा त्या नकाराचाच उच्चार असतो.

मार्च २००७ मध्ये विश्वचषकात बांगलादेशाकडून पराभव होताच रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला आणि पुन्हा सारे ‘आपण’ झाले. आता दगडाची जागा दूरध्वनीच्या पडद्यावरील शिव्यांनी घेतली आहे. त्या खेळाडूबरोबर त्याच्या कुटुंबियांपर्यंतही पोहोचतात, एवढाच काय तो फरक.

खेळ माणसे जोडतो खरा; पण ही जोड केवळ विजयापुरती असेल, तर तिला आपलेपणा म्हणता येणार नाही. ४२ धावांच्या दिवशीही ‘आपण हरलो’ असे म्हणू शकेल, त्याच्याच टीकेला वजन राहील.