टीव्हीवरची संध्याकाळ कोण वाढतं?

भाकरी-कालवण आवरून बसलात का? आज आपल्याला टीव्हीबद्दल बोलायचं आहे. मालिकेत पुढं काय होणार, ते नाही सांगणार. टीव्हीवरची अख्खी संध्याकाळ कोण ठरवतं, कशी ठरवतं आणि त्यातलं आपल्या वाट्याला काय येतं, ते बघू.

पन्नाशी ओलांडलेल्या बायांना आठवत असेल. गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. बाप्ये बाजेवर, लेकरं पुढं जमिनीवर आणि बाया दारात उभ्या. अर्धं लक्ष टीव्हीत, अर्धं घरच्या चुलीवर. दूरदर्शन सोडून दुसरं काही नव्हतंच. जे लागेल ते बघायचं.

आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यावर काय काय असे? शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’. लेकरांसाठी ‘किलबिल’. बायांसाठी ‘सुंदर माझं घर’. हसवायला ‘गजरा’. लेखक-कलावंतांच्या भेटीसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’. सिनेमाच्या गाण्यांचं ‘छायागीत’. आणि मराठी बातम्या. पुढं सिनेमात मोठं नाव झालेल्या स्मिता पाटील आधी तिथं बातम्या वाचत. हे सगळं एकाच दिवशी नसे, वार ठरलेले असत. पुढच्या आठवड्यात काय लागणार ते ‘साप्ताहिकी’मध्ये सांगत.

आता असं थोडं-थोडं सगळं कशासाठी? ताटात नुसतं गोड वाढलं तर पोट भरतं, पण अंगी लागत नाही. भाकरी, वरण, भाजी, चटणी, सगळं हवं. टीव्हीचंही तसंच, हा विचार इंग्लंडातल्या बीबीसीनं रुजवला. तिचा रेडिओ १९२२ चा, टीव्ही १९३६ चा. लोकांना खबर द्यायची, शिकवायचं आणि रिझवायचं, ही तीन कामं तिनं आपली मानली. तिथं टीव्ही बघणारं घर वर्षाचं लायसन भरतं आणि देशातल्या तिच्या वाहिन्यांवर जाहिराती नसतात. पैसा सगळ्यांचा, म्हणून ताटही सगळ्यांचं. एका संध्याकाळी बातम्या, नाटक, जंगलातले प्राणी, प्रश्नमंजूषा, असं सगळं. बागकामाचा एक कार्यक्रम तर तिथं १९६८ पासून चालू आहे. म्हणजे आपल्या ‘आमची माती’चा लांबचा भाऊच म्हणा.

संध्याकाळ लावणाऱ्यांची एक युक्तीही असते. लोकांच्या आवडीचे दोन कार्यक्रम घ्यायचे आणि त्यांच्या मधोमध कामाचा कार्यक्रम ठेवायचा. पहिला संपला तरी माणूस दुसऱ्यासाठी बसून राहतो, आणि बसल्या-बसल्या मधलंही बघतो. लेकराला गुळाच्या खड्यासोबत औषध देतो, तसंच हे.

आजचं चित्र वेगळं आहे. खाजगी वाहिनीचा मोठा आधार जाहिरात. जास्त डोळे जिथं, तिथं जास्त पैसा. म्हणून जे चाललं, तेच पुन्हा-पुन्हा. मोबाईल तर त्याच्याही पुढचा. काल भांडणाचा व्हिडिओ बघितला, तर आज आणखी चार भांडणं पुढ्यात. आपल्याला वाटतं, मी माझ्या मनानं बघते. पण सोयाबीनवरचा रोग, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव, मुलीच्या अंगातलं कमी रक्त, यांतलं काही आपण होऊन शोधतो का? जे माहीतच नाही, ते मागणार कसं? न मागता पुढ्यात आलेली कामाची गोष्ट, हाच मिश्र संध्याकाळीचा खरा फायदा.

पण जुनं सगळंच सोनं नव्हतं. सांजेला कार्यक्रम लागायचा, तेव्हा बाई कुठं असायची? परातीपाशी. शेतीचा कार्यक्रम बाप्ये बघायचे, खुरपणी-वेचणी मात्र आपण करायची. ताट सगळ्यांचं होतं, पण वाढणारीला बसायला वेळ नव्हता. आजही रिमोट कोणाच्या हातात असतो, ते तुम्हीच आठवा.

यावर वाट काय? त्याच दूरदर्शनवर आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ कार्यक्रम होता. तो बघणाऱ्यांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. लोक एकत्र बघत, त्यावर बोलत आणि गावात काहीतरी काम उभं करत. एकट्यानं बघितलेलं विसरतं, चौघींत बोललेलं टिकतं. आपल्या बचत गटाची बैठक तर आयतीच आहे.

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करून बघा.

एक, एका संध्याकाळी घरात काय-काय लागलं ते वहीत लिहा. प्रत्येकापुढं लिहा, हे कोणी निवडलं आणि त्यातून मला काय मिळालं.

दोन, सगळ्यांच्या वह्या बैठकीत जुळवा आणि आठवड्याला एक कामाचा कार्यक्रम गटानं मिळून ठरवा. त्याच्या आगेमागे गाणी, मालिका खुशाल असू द्या. मन रमणंही गरजेचं आहे. दूरदर्शन सह्याद्री वाहिनी आजही आहे. डीडी फ्री डिशची छत्री आणि डबा एकदा विकत घेतला की महिन्याचे पैसे लागत नाहीत.

तीन, तेवढा अर्धा तास भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापायची, किंवा आधीच थापून ठेवायची. घरात हे मोकळेपणानं बोला. आपल्या सोयीची वेळ नसेल, तर गटाच्या नावानं वाहिनीला पत्र लिहा. दूरदर्शनला सरकारी पैसा मिळतो, आणि त्या पैशात आपलाही वाटा आहे. साबणासारख्या वस्तू घेताना काही ना काही कर आपण भरतोच की.

रोज सगळ्यांना वाढणाऱ्या हातांनी एका संध्याकाळी आपलंही ताट वाढून घ्यावं, एवढंच सांगणं. तुमच्या वहीत काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.