डोळ्यांतलं पाणी टिकवायचं तर...

दुपार कलली की डोळे चुरचुरू लागतात. वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं, समोरची अक्षरं अंधूक होतात आणि दोन-चार वेळा उघडझाप केली की पुन्हा स्पष्ट दिसतात. मधूनच घळाघळा पाणीही वाहतं. अशा वेळी डॉक्टरांनी ‘डोळे कोरडे पडलेत’ असं सांगितलं, तर कोणीही बुचकळ्यात पडेल. पाणी वाहतंय, मग डोळा कोरडा कसा?

उत्तर आहे डोळ्यावरच्या अश्रुपटलात. बुबुळावर अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या तीन-चार भागांएवढीच त्याची जाडी. एवढ्याशा जाडीतही रचना असते. तळाशी पाण्याला धरून ठेवणारं चिकट म्युसिन, त्यावर अश्रुग्रंथींतून येणारं खारट पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा तवंग. हे तेल पापणीच्या कडेला ओळीनं असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव मिळालं.

तवंग विरळ झाला की खालचं पाणी भराभर उडून जातं. बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो, तिथल्या मज्जातंतूंची आग होते आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. पण त्याच्या जोडीला पुरेसं तेल नसतं. त्यामुळे ते बुबुळावर न ठरता गालावर ओघळतं. कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक रुग्णांचं दुखणं हेच असतं: पाणी येतं, टिकत नाही. संधिवाताशी नातं असलेल्या शोग्रेन आजारासारख्या काही विकारांत मात्र मुळात पाणीच कमी पाझरतं.

नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत हे डोळ्यांनी पाहता येतं. फ्लुरोसिन नावाचा पिवळा रंग पापणीच्या आत लावतात आणि निळ्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकातून पाहतात. अश्रुपटल हिरवं चमकतं. पापणी न लववता थांबायला सांगतात, तसे त्या हिरव्या थरात काळे ठिपके उमटतात आणि पसरत जातात. जिथे काळं दिसतं, तिथे थर फाटलेला असतो. दहा सेकंदांच्या आतच तो फाटू लागला, तर अश्रुपटल कमकुवत आहे, असा अंदाज बांधतात.

आता घरी-दारी काय घडतं ते पाहू. पापणी लवते तेव्हा ती ग्रंथींतलं तेल थोडं बाहेर पिळते आणि बुबुळावर सारखं पसरवते. जपानमधील त्सुबोता आणि नाकामोरी या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली नोंद आजही महत्त्वाची आहे. निवांत बसलेल्या माणसाच्या पापण्या मिनिटाला सरासरी २२ वेळा लवत होत्या, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर फक्त ७ वेळा. शिवाय पडद्याकडे पाहताना पापणी बऱ्याचदा अर्धवटच मिटते. पडदा उंचावर असेल तर डोळे जास्त उघडे राहतात आणि बाष्पीभवनाला जागा वाढते. म्हणून पडद्याचा वरचा काठ डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडा खाली ठेवावा. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी आणि पापण्या सावकाश, पूर्ण मिटून दहा वेळा उघडझाप करावी.

दुसरं कारण म्हणजे वारा. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातली दुपारची हवा आधीच शुष्क असते. मुंबईची हवा दमट, पण कार्यालयातली वातानुकूलन यंत्रं हवेतला ओलावाही काढून घेतात. एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल, तर त्याची दिशा बदलावी, नाहीतर खुर्ची सरकवावी. कूलर हवेत ओलावा वाढवतो, हे खरं. पण त्याचा झोत थेट तोंडावर घेतला तर वारा अश्रू उडवतोच. गाडीतल्या एसीची हवा पायांकडे वळवावी. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असावी. रात्री पंख्याखाली झोपणाऱ्या काहींच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत. सकाळी उठल्या उठल्याच डोळे खुपत असतील, तर हे कारण तपासून घ्यावं. उदबत्ती, डासांची कॉइल, चूल, सिगारेट यांचा धूरही अश्रुपटल बिघडवतो.

तिसरी गोष्ट तेलाची. ग्रंथींतलं तेल घट्ट झालं की वाहत नाही. त्याला ऊब द्यावी लागते. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून, मनगटावर लावून पाहावा. सोसवेल इतका, साधारण चाळीस अंशांचा हवा. मिटलेल्या पापण्यांवर तो पाच ते दहा मिनिटं ठेवावा. रुमाल लवकर निवतो, म्हणून मधे मधे पुन्हा गरम करावा. मग बोटाच्या टोकानं वरची पापणी खालच्या दिशेनं आणि खालची वरच्या दिशेनं अलगद चोळावी, डोळ्यावर दाब न देता. ग्रंथींची तोंडं पापणीच्या कडेवरच असल्यानं तिथे काजळ भरू नये. माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दल मात्र फार आशा धरू नये: अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर झालेल्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

एवढं करूनही त्रास उरला, तर कृत्रिम अश्रूंच्या थेंबांचा उपयोग होतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील, तर परिरक्षक नसलेले थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं परिरक्षक वारंवार गेलं तर बुबुळालाच त्रास होतो. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसवतात, कोरडेपणा दूर करत नाहीत आणि सवय लागली तर लाली वाढते. गुलाबपाणी, मध निर्जंतुक नसतात. ते डोळ्यांत घालू नयेत. सर्वांत मोठा धोका मेडिकलच्या दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त थेंबांचा. आराम लगेच पडतो, पण दीर्घकाळ वापरले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली दृष्टी परत येत नाही.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल किंवा डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या किंवा मुरमांच्या काही औषधांनीही डोळे कोरडे पडतात, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना जरूर दाखवावी. बाकीच्यांनी थेंबांची बाटली आणण्याआधी आपल्या खुर्चीवर बसून पाहावं: वारा कुठून येतोय, पडदा किती उंच आहे आणि पापणी पूर्ण मिटते आहे का. या तीन गोष्टी आजच दुरुस्त करा. त्यांना पैसे पडत नाहीत.