अंडी गोळा करावीत यंत्राने की हाताने?

अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात कुक्कुटपालन हा शेतीला उपयुक्त जोडधंदा आहे. पाऊस चुकला तरी अंड्यांची विक्री संसाराला हात देते. म्हणूनच अंडी गोळा करण्याचा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

मोठ्या केंद्रांत पिंजऱ्याचा तळ उतरता असतो. अंडे घरंगळत पट्ट्यावर येते आणि विजेवर चालणारा पट्टा ते शेडच्या टोकाशी आणतो. १०,००० कोंबड्यांपैकी शेकडा ८० कोंबड्यांनी अंडी दिली, तर रोज ८,००० अंडी, म्हणजे ३० अंड्यांचे सुमारे २६७ ट्रे भरतात. तेथे यंत्राने वेळ व मजुरी वाचते. मात्र पट्ट्याची देखभाल नसेल तर अंडी आदळून तडकतात. वीज गेली की काम अडते.

शंभर कोंबड्यांच्या शेडमध्ये हाच हिशेब तीन ट्रेंच्या आत येतो. तेवढ्यासाठी यंत्राचे कर्ज परवडणारे नाही. येथे हाताने अंडी गोळा करणेच श्रेयस्कर. आजारी वा खुडूक कोंबडीही त्याच फेरीत नजरेस पडते. परंतु या कामाला शिस्त हवी. हात व ट्रे स्वच्छ असावेत. उन्हाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा अंडी उचलून थंड जागी ठेवावीत. उष्णतेने पांढरा बलक पातळ होतो व अंडे लवकर बिघडते.

ग्रामपंचायतींनी व बचत गटांनी योजना आखताना आधी कोंबड्यांची संख्या पाहावी, मग यंत्राचा विचार करावा.